दिशा माझ्या, उड्या तुझ्या

॥ श्री ॥

ब्रह्मा घाट, काशी
माघ वद्य द्वितीया

चिरंजीव सुमंतास,

ब्रह्मा घाटाहून देवदत्ताचे आशीर्वाद. (मी तुझ्याहून चार महिन्यांनी मोठा आहे, आणि तुझ्या आत्याने हा अधिकार मला जन्मतःच दिलेला आहे. नाक मुरडू नये.) इकडे सर्व कुशल. तुझ्याबद्दल मात्र एवढंच कळतं की तुझा उजवा अंगठा ठणठणीत आहे, कारण गेले चार महिने मोबाइलवरच्या माझ्या प्रत्येक निरोपाला तो एकटाच उत्तर देतो. मुक्ताला नोकरी लागल्याचं कळवलं, अंगठा. ढुंढिराजकाका गेल्याचं कळवलं, तरी अंगठा! उरलेल्या सुमंताची खुशाली विचारायला शेवटी टपालखात्याला मध्ये घालावं लागत आहे.

निमित्त असं झालं की, गणेशजयंतीसाठी तांब्याचं घंगाळ शोधायला माळ्यावर चढलो, आणि मामांनी विलायतेहून आणलेला तो रबरी बटणांचा कॉम्प्युटर हाती लागला. सोबत खेळाची कॅसेट. तीच रे, आपली लाल मोटार! भुवया असलेली, फळ्याफळ्यांवरून उड्या मारणारी आणि खड्ड्यात पडली की दात काढून हसणारी. नंदा म्हणाली, भंगारात द्या. मी म्हटलं, शास्त्रात जीर्णोद्धाराचं पुण्य नव्या मंदिराहून मोठं सांगितलंय. ती म्हणाली, मग आधी स्वयंपाकघराचा नळ उद्धरा. (नळ अद्याप गळतो आहे.) पेटी बगलेत मारून मुन्शी घाटामागच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने ती उलटसुलट करून विचारलं, “गुरु, ई का हौ? हारमोनियम?” तरी भल्या माणसाने आठ दिवसांत ती चालू केली, आणि जुना टीव्हीही दिला. वर बजावलं की कॅसेटची फीत झिजली आहे, फार तर पाच-सहा वेळा चालेल. तेव्हापासून घरात कॅसेट लावली की पाच मिनिटं दोन बोके भांडल्यासारखा आवाज होतो आणि मग ती मोटार अवतरते.

आता मुद्द्यावर येतो. शेवटचा टप्पा आपण पाठ केला होता, आठवतं? बाहेर अण्णा विद्यार्थ्यांना संथा देत आणि आत आपण समोरासमोर मांडी घालून, त्यांचीच चाल लावून घोकत असू. एक पद मी, एक पद तू. बाणांची बटणं माझ्याकडे, म्हणून दिशा मी म्हणायच्या. उडीचं बटण तुझ्या अंगठ्याखाली, म्हणून ‘आखूड’, ‘लांब’, ‘थांब’ तू म्हणायचं. अण्णांना भिंतीपलीकडून नुसते स्वर ऐकू येत. मेव्हण्याच्या मुलाला वेदाची गोडी लागली, या आनंदात त्यांनी तुला मलइयोचं, त्या केशरी दूधफेसाचं, अख्खं कुल्हड दिलं आणि मला “बघ जरा त्याच्याकडे” एवढंच. पुढे मामांची बदली झाली, तुम्ही नागपूरला गेलात आणि मोटार कायमची त्या शेवटच्या दरीच्या अलीकडे उभी राहिली.

परवा खेळायला बसलो, तर माझ्या दहाही दिशा स्वरासकट जशाच्या तशा तोंडात आल्या! तुझ्या नऊ उड्यांच्या जागी मात्र निव्वळ शांतता. परिणामी मोटारीची दिशा अचूक आणि अधःपात निश्चित. अंदाजाने करून पाहिलं. आखूड उडीने ती ढगावर आपटली, लांब उडीने थेट दरीत, आणि थांबलो तर मागून ती फुगलेली बस आली. मुक्ता मागे उभी राहून समालोचन करते, “बाबा, फिर गई!” या नादात चार वेळा कॅसेट लावून झाली. आता एकदाच, फार तर दोनदा.

मला कुठे बसवत नाही रे. संध्येला बसलो की आचमनाच्या आधी अंगठा वळवळतो. घाटावर गेलो की पायऱ्या मोजतो, कुठली आखूड, कुठली लांब. काल तर हद्द झाली. संथा देताना सूक्ताच्या मध्येच तोंडून “उजवीकडे” निघून गेलं. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्यांनी दोनदा, हा नियम; पाचही जणांनी खणखणीत दोनदा “उजवीकडे” म्हटलं. स्वरात एकाचीही चूक नव्हती, त्यामुळे रागावताही येईना.

असो. वहिनींना नमस्कार. पत्राला अक्षरांत उत्तर यावं ही अपेक्षा.

तुझा (वडीलकीच्या नात्याने)
देवदत्त

ता. क. : तुझ्या नऊ उड्या क्रमाने लिहून उलट टपाली पाठव. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. २ : मुक्ता आत्ताच सांगून गेली की हा सगळा खेळ कुणीतरी पार करून इंटरनेटवर ठेवलाय, दोन मिनिटांत दाखवते म्हणाली. मी तिला नळवाल्याला बोलवायला पाठवलं.

ता. क. ३ : उड्या लिहून पाठवू नकोस. एकट्याने आठवायला बसशील तर तुलाही येणार नाहीत. समोर कुणी दिशा म्हटली तरच त्या येतात. अंतरावहिनींचा फोन आला होता. ऑपरेशननंतर तू दिवसभर खिडकीशी बसून असतोस, कुणाशी बोलत नाहीस, म्हणाल्या. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटल्याचंही त्यांनीच सांगितलं. मधली खोली आवरून ठेवली आहे, कॅसेट कपाटात कुलूपबंद आहे. निदान अंगठ्याला तरी पाठव. बाकीचा सुमंत त्याच्यामागून आला, तर त्याचीही जेवायची सोय आहे.