मुठ्यांचं पहिलं पाणी

आत्याबाई, मेल्यावर माणसाला सगळं आठवतं म्हणतात, म्हणून हे लिहवून घेतेय. जिवंतपणी तुम्हाला सोयीचं तेवढंच आठवायचं. मी तुमची नवी सून असताना एकदा दूध उतू जाऊ दिलं, ते तुम्ही शेवटच्या दुखण्यात वैद्यालाही सांगितलंत, पण मानमोडीच्या तापातल्या त्या दुपारची गोष्ट काढली, की लगेच "कुठली गं दुपार?" लिहायला तुमची नात बसलीय. दुसऱ्या बाळंतपणाला आलीय, दिवस भरत आलेत. तिचं पहिलं पोर माझ्या मांडीवर आहे. मला अक्षर येत नाही, म्हणजे ती माझं किती लिहितेय आणि स्वतःचं किती, देव जाणे.

त्या वर्षी पाऊस लवकर पाठ फिरवून गेला आणि मागोमाग ताप आला. आपल्या पोशीर गावात सकाळी एक तिरडी उठायची, संध्याकाळी दुसरी. आपल्या घरात आधी हे पडले. छातीत घरघर, डोळे उघडेनात. मग तुम्हीही अंथरूण धरलंत. उभी होते ती मी एकटी, तीही पोटुशी. अशा छातीला आपल्याकडे एकच औषध, शेतातल्या खेकड्यांचं, मुठ्यांचं पाणी. पण बांधांना भेगा पडलेल्या, मुठे सापडणार कुठं? वाडीवरच्या ठाकरणीनं कुठल्याशा डोहाकाठी उकरून थोडे आणले, पानात बांधून दारात ठेवले आणि लांबूनच म्हणाली, "बाये, जित्ते हायेत तवर चेच."

मी वरवंटा उचलला, तशा तुम्ही अंथरुणातून गुरगुरलात, "ठेव तो. पोटुशी बाईनं जीव चेचायचा नाय."

"मग कोन चेचनार? तुमी?"

"मी काय मेले काय?"

भिंत धरत आलात आणि पाट्याशी बसलात. वरवंट्याच्या घावागणिक खोकला. मी नुसती लसूण सोलत होते, आणि तुम्ही पाट्यावरच कोसळाल म्हणून एक हात तुमच्या पाठीशी धरून होते. मग ते पाण्यात कालवलं, फडक्यातून गाळलं, हळद-मिरं घालून उकळलं. घरचा नेम तुमचाच: पहिलं पाणी, दाट, पुरुषांचं, चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून पिळायचं, ते दुसरं बायकांचं. मी वाडगा भरला आणि सवयीनं ह्यांच्याकडे निघाले.

"कुठं चाललीस? बस खाली. पी."

मला वाटलं, ताप डोक्यात गेला. "आत्याबाई, ते तिकडं हायेत."

"माझं पोर हाय ते, कुठं हाय मला ठावं हाय. तुझ्यात दोन जीव हायेत. पी म्हनते ना."

मी प्यायले. तुमच्याकडे न बघता, घाईघाईनं, जीभ पोळली तरी. दुसरं पाणी ह्यांना पाजलं, डोळे मिटूनच म्हणाले, "आज पातळ केलंस." तिसरं तुम्ही घेतलंत. त्यात नुसता वास होता.

मग तुम्ही ह्यांच्या छातीवर हात ठेवून बसलात. आडव्या व्हा म्हटलं, तर नाही. घरघर अडखळली की तुमची बोटं घट्ट व्हायची, पुन्हा सुरू झाली की सैल. मी कोपऱ्यात बसलेय, त्या बोटांकडे बघतेय, पोटात ऊन ऊन लागतंय, पोर लाथा मारतंय. हे गेले तर गाव म्हणणार, आईनं सुनेला रस पाजला अन् लेकाला चोथा. गावाचं सोडा, तुम्ही स्वतःला काय म्हणाल, ह्याची मला जास्त धास्ती. दिवेलागणीला ह्यांना घाम फुटून ताप उतरला. तुम्ही हात काढलात आणि म्हणालात, "चूल विझली बघ. लक्ष कुठं असतं गं तुझं?"

पुढच्या पावसात पुन्हा मुठे शिजले. मी पहिल्या वाडग्याला हात घातला, तर तुम्ही पळीचा टोला दिलात. "दुसरं तुझं."

"त्या दिशी तर—"

"कंच्या दिशी? तापात बडबडले असंन कायतरी."

ह्यांना आजतागायत ठाऊक नाही. आणि पोटातली ती पोर ही, लिहिणारी. आत्ता हात थांबलाय तिचा. म्हणते, "आये, मला कधी बोलली नाय." तू विचारलंस कधी?

आता साथ नाही, बांध ओले आहेत, मुठे हवे तितके. पण पहिल्या वेळी ही थोडक्यात वाचली, आत्ताही पाय सुजलेत. तुमच्यासारखा आवाज चढवून बघते, पण चढत नाही. मी भ्यालेय, आत्याबाई. पोरीसमोर बोलायचं नव्हतं, पण दुसरं कोण लिहून घेणार?

हा कागद जायचा कुठं? राहू दे फडताळात. खालचा कोरा तुकडा तेवढा फाड गं, आणि तुझ्या सासूला लिही: लाडू नकोत. पेजेला जुने तांदूळ पाठवा. गड्याच्या हाती नको, स्वतः घेऊन या, हिच्या उशाशी बसायला.