बीश्याच्या गल्लीतून परत

तुंगशी, ३ मार्च १९८६

ती. अक्कास,
लीयुनचा नमस्कार. अक्षराला हसू नकोस.

तू क्रियाकर्माला राहिलीस तोवर धीर होता. आता घर खायला उठतं. आलिंग संध्याकाळी दारात बसते, बाबांच्या टेम्पोचा हॉर्न ऐकू आला म्हणते. टेम्पो तर सासूबाईंनी भंगारवाल्याला देऊन टाकला. ज्या गाडीत पोरगा गेला ती अंगणात नको म्हणाल्या.

कालवं फोडून आमचं भागत नाही. तुझ्या गिरणीत यायचं तर तिथं पोरं ठेवू देत नाहीत. चार वर्षांची पोर टाकून कशी येऊ? विम्याचे पैसे आले तर यायला नको. चालवणारा गेला तर बायकोला मिळतात. टेम्पोचा विमा बीश्याकडूनच काढलेला, ती कंपनीची एजंट. आलिंगचे बाबा म्हणायचे, विमा घेतला म्हणजे ही बया आपला चहा प्यायची थांबेल.

पण बीश्या बाळंतीण आहे. आधीची दोन गेली, हे तिसरं जगलंय. माझ्या बाहीवर सुतकाचं कापड. काल तिच्या गल्लीपर्यंत गेले, बाळ रडलेलं ऐकलं आणि मागं फिरले. तिचा महिना भरला की सांगेन. पैसे कुठं पळून जातात?

लोभ आहेच, तो असू दे.
तुझी लीयुन


ताओयुआन, ९ मार्च

चि. लीयुन हिस,
अक्काचे आशीर्वाद.

पळतात गं पैसे. आमच्या मुकादमबाईला विचारलं. ती म्हणाली, अपघात झाला की कंपनीला लगेच कळवायचं असतं, त्यांचा माणूस येऊन गाडी बघतो. उशीर झाला की हात वर करतात. शाळेत मास्तरांना विचारायला लाजायचीस आणि ओल्या चड्डीनं घरी यायचीस. ती लाज आता पुरे. बीश्याच्या घरात नको जाऊस, गल्लीतून हाक मार. नाहीतर वाण्याच्या फोनवरून जियायी शहरातल्या विम्याच्या ऑफिसला कळव. हे पत्र वाचलंस की लगेच ऊठ.

आलिंगचा पापा घे.
तुझी युएचिन


तुंगशी, १५ मार्च

ती. अक्कास,
नमस्कार. रागावू नकोस.

फोन केला. ऑफिसातली बाई मँडरिनमध्ये भराभर काय काय विचारायला लागली. मला आपली बोली सोडून धड येत नाही. वाणी बघत होता, गिऱ्हाइकं बघत होती. मी फोन ठेवला.

मग बीश्याच्या गल्लीत गेले. तिची सासू दुपटी वाळत घालत होती. माझी बाही बघितली आणि ओली दुपटी तशीच गोळा करून आत गेली.  मी हाक न मारताच मागं फिरले. उद्या त्या बाळाला नुसती सर्दी झाली तरी माझंच नाव येईल.

आज महिना भरला. बाळाची लाल अंडी आसपास सगळ्यांना वाटली. आमच्या घरी नाहीत, सुतक ना. आलिंगनं शेजारच्या पोराच्या हातात बघितली, मागितली नाही.

 तुझा हात डोक्यावर असू दे.
लीयुन


तुंगशी, २ एप्रिल

ती. अक्कास,
नमस्कार.

नाही मिळाले.

महिना सरल्यावर बीश्याला सांगितलं. तिनं स्कूटरवरून मला ऑफिसला नेलं, माझ्यासाठी भांडली. साहेब वाईट नव्हता, चहा दिला. गाडी कुठं आहे विचारलं. गाडीचे तुकडे होऊन ती वितळलीसुद्धा असेल. इतके दिवस का थांबलात म्हणाला. 

परत येताना बीश्यानं बंधाऱ्यावर स्कूटर थांबवली आणि रडली. तिला बातमी पहिल्याच दिवशी कळलेली. तिला वाटलं, मी ऑफिसला कळवलं असेल. मेलेल्याच्या घरी पैशाचा निरोप कसा धाडायचा म्हणून गप्प बसली. खिडकीवर एक खडा मारला असतास तरी बाहेर आले असते, म्हणाली.

माझ्यासाठी गिरणीच्या खोलीतला खालचा पलंग धरून ठेव. या महिन्याअखेर येते. आलिंग सासूबाईंकडे राहील. तिला अजून सांगितलं नाही.

काल बीश्या बाळाला पाठीशी बांधून घरी आली. आलिंगचे बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. आलिंगसाठी दोन लाल अंडी मुद्दाम रंगवून आणलेली. आलिंगनं एक खाल्लं, दुसरं बाबांच्या फोटोपुढं ठेवलं. वर्ष सरेपर्यंत तिथं लाल ठेवायचं नसतं. सासूबाईंनी उचलायला हात पुढं केला. मी त्यांचा हात धरला. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मग आत गेल्या.

अंडं तिथंच आहे.

तिथं आले की दोघी मिळून आलिंगला पत्र लिहू. तिला वाचून दाखवायला बीश्या येणार आहे.

तुझीच,
लीयुन