ट्रेमध्ये कागद आहे

सोमवार, ९ मार्च

छापलंच नाही! प्रोग्रॅम म्हणतो ‘काम पूर्ण’, आणि शेजारी माझा प्रिंटर ढिम्म. अकरा वेळा पाठवलं, अकराही वेळा ‘पूर्ण’. मग कागद गेला कुठे? शुक्रवारी साहेबांना दाखवायचंय — दवाखान्याचे रिपोर्ट आपोआप छापून आले पाहिजेत. नाहीतर हे काम पंडितकडे जाणार.

मंगळवार, १० मार्च

पंडितला फोन केला. ऑफिसातला सर्वज्ञ, म्हणून पंडित. “आधी प्रोग्रॅमला प्रिंटर शोधायला लाव, यादी बघ, मग काम पाठव. सोप्पंय गं!” सोप्पंय म्हणे! यादी मागवली, तर एकच नाव दोनदा. एकाच प्रिंटरची दोनदा नोंद झाली असेल. प्रोग्रॅम पहिली उचलतो. उचलू दे.

‘चाचणी १, चाचणी २’ लिहून कंटाळले. मग मनात येईल ते पाठवत सुटले. ‘दूध उतू गेलं.’ ‘गुडघा दुखतोय, सांगू कोणाला.’ वाचणार आहे कोण!

बुधवार, ११ मार्च

परत ‘पूर्ण’. डोकं चालेनासं झालंय.

हा प्रिंटर आणि बाबांचा, दोन्ही एकदमच घेतले होते, अगदी सारखे. त्यांना पडद्यावरचं वाचवत नाही. म्हणून मी इथून रोज शब्दकोडं पाठवायचे, मोठ्या अक्षरात. तिकडे त्यांच्या टेबलावर छापून पडायचं. आठ महिने बंद आहे. आई गेल्यावर मी म्हटलं, माझ्याकडे राहायला चला. ते नाही म्हणाले, आणि मी बोलून गेले — “तुम्हाला माणसं नकोतच, भिंती हव्यात!” तेव्हापासून ना त्यांचा फोन, ना माझा. दोघंही हट्टी. तो प्रिंटर त्यांनी केव्हाच कापडाखाली झाकला असणार.

आज चाचणीत लिहिलं, ‘बाबा, सात आडवं मला अजून सुटलेलं नाही.’ वेडीच आहे मी.

गुरुवार, १२ मार्च

रात्री दहाला लांबलचक लिहिलं, भिंतींच्या त्या बोलण्याबद्दल. रडले. जुन्या सवयीने अक्षर मोठं ठेवलं आणि पाठवलं. चाचणीच ती!

पहिल्यांदाच ‘पूर्ण’ आलं नाही. आलं काय, तर ‘कागद संपला’! ट्रे उघडला. काठोकाठ भरलेला! गठ्ठा काढला, झटकला, परत घातला. पुन्हा तेच. संपला कसा? समोर दिसतोय की! पंडित म्हणतो, “सेन्सर गेला असेल.” उद्या साहेबांना काय तोंड दाखवू?

शुक्रवार, १३ मार्च

सकाळी सव्वासहाला फोन. बाबा! ना नमस्कार, ना चमत्कार.

“कागद संपलाय माझ्याकडचा. कालचं पान ‘बाबा, त्या दिवशी मी’ इथेच थांबलंय. दुकान नऊला उघडतं, तोवर मला धीर नाही. तोंडानेच सांग — पुढे काय लिहिलंयस?”