नागपूरचा फोन

प्रिय समीक्षा,

परवा शाळेच्या कार्यक्रमाला तू संग्रामपूरहून आलीस, सगळ्यांना भेटलीस, आणि मी पाणी वाटायचं निमित्त काढून तुझ्यापासून लांब राहिले. तुला वाटलं असेल, फलक शिष्ट झाली. शिष्ट कसली, बाई! तुझ्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

आठ वर्षांपूर्वीचा तो डिसेंबर आठवतो? अकोल्याच्या बास्केटबॉल सामन्यात तू एकटीने एकतीस गुण काढलेस आणि नागपूरच्या क्लबचे सर तुझं नाव लिहून घेऊन गेले. मग काय, नांदुऱ्याला दुसरा विषयच उरला नाही. स्टेशनसमोरच्या टपरीवर 'जाणार'वाले एका बाकावर, 'नाही जाणार'वाले दुसऱ्या. कुणी सांगे, नागपूरवाले बदल्यात आपल्याला दोन उंच मुली देणार. कुणी त्यात काचेचा नवा बोर्डही घालायचं. कापूस घेऊन आलेले गाडीवालेसुद्धा विचारायचे, पोरगी जाऊन राह्यली का नाही? गादीच्या दुकानात बसणाऱ्या आमच्या अब्बांनी आयुष्यात एक सामना पाहिला नव्हता, पण समीक्षा गेली तर टीमचं काही खरं नाही, हे ते रजई भरता भरता गिऱ्हाइकाला ठासून सांगायचे. तू हसायचीस. आणि रोज संध्याकाळी मला न्यायला आलीस की आधी विचारायचीस, फोन आला का.

नंबर आमच्या दुकानाचा होता ना. हिंमतरावकाका लेकीच्या हाती मोबाइल द्यायला तयार नव्हते, म्हणून सरांना तू तोच लिहून दिला होतास. मी दरवेळी म्हणायचे, नाही गं, येईल.

संक्रांत गेली आणि गाव थंड झालं. टपरीवर बोलायला लागले की नागपूरला काय पोरींची कमी आहे. तेवढं तुझ्या कानावर आलं त्या दिवशी तू बूट माझ्याकडे ठेवायला दिलेस. पुढच्या सामन्यांना आलीच नाहीस. उन्हाळ्यात काकांनी स्थळ आणलं, तू नाही म्हटलं नाहीस. तुझ्या हळदीला मी इतकी रडले की पुष्पाकाकू लेकीला सोडून मलाच समजावत बसल्या. बूट अजून दुकानाच्या माळ्यावर आहेत.

अब्बा जाऊन आता तीन वर्षं झाली. मी त्याच मैदानावर मुलींना शिकवते. त्यात एक सारिका आहे, चौदा वर्षांची, तुझ्यासारखीच डावीकडून घुसते, आणि चुकली की तुझ्यासारखीच स्वतःवर चिडते. परवा भाषणात तू हसत सांगितलंस, "मलाही वाटायचं नागपूरचं बोलावणं येईल. पण माझ्यात तेवढं नव्हतंच." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सारिका मैदानावर आली नाही. घरी गेले, तर खाली मान घालून म्हणाली, "समीक्षाताईले नाही बोलावलं, तर मले कोण बोलावते?" मला तिथे उभं राहवेना.

समीक्षा, फोन आला होता. जानेवारीत, भर दुपारी. अब्बा नमाजला गेले होते, मी एकटीच दुकानात. सर म्हणाले, मंगळवारी पोरीला पाठवा, राहायची सोय आमच्याकडे. आणि माझ्या तोंडून निघालं, "तिचं लग्न ठरलंय." आपल्याकडे यावर पुढे कोण काय विचारतं? 'अच्छा' म्हणाले आणि ठेवून दिला. अब्बा मला मैदानावर सोडायचे ते फक्त तू दारात न्यायला यायचीस म्हणून. तू गेलीस की माझं मैदान बंद, एवढंच त्या घडीला डोक्यात होतं. वाटलं, पुन्हा फोन येईल तेव्हा खरं सांगू. तो आला नाही. रोज तू विचारायचीस आणि रोज मी म्हणायचे, येईल. चार महिन्यांनी तुझ्या दारात मांडव पडला आणि माझं खोटं खरं झालं. माफी मागायला मला तोंड नाही. हवं तर कधी बोलू नकोस माझ्याशी. पण एकदा ये, आणि सारिकाला तुझ्या तोंडाने सांग. तुझ्यात तेवढं होतं गं. त्यांनी तुला बोलावलं होतं.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
फलक