हाक हैदराबादला जात होती

आदिलाबाद
नोव्हेंबर १९९९

प्रिय उद्धव,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘आई, झालं का चालू?’ आणि मी ‘हो, झालं’ म्हणाले. त्यावर तू तिकडून, लहानपणी ओरडायचास तसा ओरडलास. मग लाइन खरखरायला लागली आणि बोलणं राहून गेलं. लाइन तुटली नसती तरी मी पुढे काही बोलले असते असं नाही. म्हणून आज दुपारी बाबांचं अंग पुसून झाल्यावर कागद घेऊन बसले आहे. धुणंभांडी आटपून बयनाबाई त्यांच्याजवळ बसली आहे.

मी तुला खोटं सांगितलं नाही. तू सांगितलंस तसंच केलं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये गेले, प्रॉक्सीची ती खिडकी उघडली, आणि आपल्याच कॉम्प्युटरचा पत्ता असेल तर बाहेर जाऊ नकोस, अशा अर्थाची जी ओळ होती तिच्यापुढे खूण केली. पान पुन्हा उघडलं. ‘जोडणी नाही’ ही लाल पट्टी गेली. मी स्वतः बटण दाबलं तर पडद्यावर ‘अ’ उमटला. इतके महिने डोकं फोडलं आणि दोष निघाला एका खुणेचा.

मे महिन्यात तू आला होतास तेव्हाचं मला सगळं आठवतं. बाबांचं अंग लुळं पडत गेलं होतं, आवाज जाऊन वर्ष होत आलं होतं. मी मुळाक्षरं म्हणायची आणि हवं ते अक्षर आलं की ते पापणी मिटायचे. एका शब्दाला अर्धा चहा निवायचा. जन्मभर महसूल कचेरीत बसून जैनथ-तामसीच्या लोकांना जुने उर्दू कागद वाचून दाखवणारा, बोलता बोलता जेवण विसरणारा माणूस, आणि त्याची ही गत. तू दारावरच्या घंटीचं बटण त्यांच्या उजव्या बोटाखाली बसवलंस, त्याची तार कॉम्प्युटरच्या मागे नेलीस. मला समजावलंस की पडद्यावर अक्षरं एकेक करून सरकतात, हवं त्यावर बटण दाबायचं, ते पान ब्राउझरमधलं आहे, त्याला तारेला हात लावता येत नाही. बटण दाबलेलं ऐकणारा प्रोग्राम वेगळा, तो मागे गुपचूप चालू असतो, पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारच्या हिरव्या ठिपक्यात. पान सारखं त्याला हाक मारून विचारतं, दाबलं का, दाबलं का? दोघं एकाच डब्यात राहतात, पण बोलायचं झालं तर पत्त्यानंच. मी विचारलं होतं, मग एकच का नाही केलंस? तू म्हणालास, पान वेगळं असलं की अक्षरांची मांडणी तिकडून बदलून पाठवता येईल, बाबांना सोपी पडेल तशी.

आणि ते चाललं, उद्धव. बाबांचं पहिलं वाक्य काय होतं, आठवतं? ‘भाजीत मीठ नाही.’ आपण दोघं हसता हसता रडलो होतो. तू परदेशी परत गेल्यावर तर ते थांबेचनात. पंखा हळू कर. शेजारच्या चंपतरावांना सांग, पेपर वाचून झाला की आणून द्या. बयनाबाईला तिच्या नवऱ्यावरून चिडवायचे. तिला वाचता येत नाही म्हणून ते मला वाचून दाखवावं लागायचं, आणि ती पदर तोंडाला लावून म्हणायची, ‘पाहा ना बाई, इतकं पडून आहेत तरी चेष्टा सुटून नाई राह्यली.’

पावसाळ्यात त्यांनी माणिकरावांची गोष्ट काढली. बाबांचे सख्खे भाऊ, एका गावात घरं, आणि शेवटपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. का, ते मला लग्नापासून कधी कळलं नव्हतं. माणिकराव गेले तेव्हाही हे खांदा देऊन आले आणि गप्प बसले. तर आता स्वतःहून सांगायला लागले होते. तू फ्लॉपीवर पाठवलेल्या नव्या मांडणीत अक्षरं लवकर सापडत, तरी रोज चार-पाच ओळीच व्हायच्या. बोट दुखायचं, मग मी चोळून द्यायची. शेवटची ओळ अशी होती : ‘वांकिडीच्या बाजारात माणिक मला भेटला. मी त्याला हाक मारली तर तो म्हणाला’. तेवढ्यात वीज गेली.

दुसऱ्या दिवशी इंटरनेटवाला आला. तूच तिकडून पैसे भरून ठरवलं होतंस, बाबांनी लिहिलेलं मेलनं थेट तुला मिळावं म्हणून. बाबांनाही हवं होतं, त्यांनीच ‘बसवून घे’ लिहिलं होतं. तो माणूस हिंदी-तेलुगू मिसळून भराभर बोलत होता. फोनची तार जोडली, काही आकडे भरले, तुझ्या कंपनीचं पान उघडून दाखवलं. ‘अम्मा, अब पूरा दुनिया आपके घर में,’ म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मग मी अक्षरांचं पान उघडलं तर लाल पट्टी.

पुढचं तुला ठाऊक आहे. प्रोग्राम बंद करून पुन्हा लावला. हिरवा ठिपका होता. बटण ठीक होतं, तार ठीक होती. तू नवा प्रोग्राम फ्लॉपीवर पाठवलास, ती फ्लॉपी वाटेतच खराब झाली. दुसरी आली, त्यानंही काही झालं नाही. आपण सगळे त्या प्रोग्रामलाच बोल लावत होतो आणि तो बिचारा जागेवर बसून होता. त्याला कोणी हाकच मारत नव्हतं. पानाची प्रत्येक हाक त्या माणसानं बसवलेल्या वाटेनं आधी हैदराबादच्या मोठ्या कॉम्प्युटरकडे जात होती आणि तिथे विचारत होती, आदिलाबादच्या नरसिंगरावांनी बटण दाबलं का? तिथल्याला काय माहीत असणार? तू परवा हे सांगितलंस तेव्हा मला आधी हसू आलं.

या सगळ्या दिवसांत बाबा बटण दाबत होते. पान बंद आहे हे दिसत असूनही दाबायचे. मी म्हणायची, उद्धव बघतोय, होईल. मी पुन्हा मुळाक्षरं म्हणायला घेतली, पण एकदा वाक्यं बोलायला मिळाल्यावर त्यांना ते नको झालं होतं. मी ‘क’पर्यंत पोचले की डोळे मिटून घ्यायचे, उघडायचेच नाहीत. दसऱ्याच्या सुमाराला बोट नुसतं थरथरायला लागलं. मी तुला कळवलं नाही, कारण रोज वाटायचं, थंडीनं असेल, चोळलं की येईल.

परवा तुझा फोन ठेवला आणि मी बटण त्यांच्या बोटाखाली सरकवलं. सांगितलं, ‘अहो, लागलं. बोला आता.’ त्यांनी पडद्याकडे पाहिलं. अक्षरं सरकत राहिली. एक ओळ संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मग ‘म’ उमटला, मग ‘ल’. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तेव्हा बयनाबाई हळूच म्हणाली, ‘बाई, हे त मी दाबून राह्यली. त्यायचं बोट नाई हालून राह्यलं. मला वाटलं, जरा आधार देल्ला त येईन.’ तिच्या हाताखाली त्यांचा हात होता. बाबा माझ्याकडे पाहत होते. त्यांना आधीच माहीत होतं.

तू ज्या नव्या प्रोग्रामचं बोललास तो पाठवू नकोस. दाबायला काही उरलेलं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. काल डॉक्टर आले होते. बाबांचा श्वास उथळ झाला आहे. ते म्हणाले, नागपूरला नेऊन गळ्यात नळी बसवली आणि मशीनवर ठेवलं तर काही महिने काढतील, नाहीतर दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे होईपर्यंतसुद्धा सांगता येत नाही. मी बाबांना सगळं नीट सांगितलं आणि विचारलं, ‘न्यायचं का?’ हो म्हणजे एकदा, नाही म्हणजे दोनदा. त्यांनी दोनदा पापणी मिटली. मी उलटं करून विचारलं, ‘न्यायचं नाही ना?’ तेव्हा एकदाच मिटली. डॉक्टरांना मी ‘नको’ सांगितलं आहे आणि कागदावर सही केली आहे. हे पत्र तुला मिळायला दोन आठवडे लागतील. त्याआधी चंपतरावांचा फोन येईल, ते घटना तेवढी सांगतील, म्हणून कारण माझ्याकडून तुला मिळावं. व्हिसा अडकल्यामुळे तुला तिथून निघता येत नाही हे कळल्यापासून मी तुला ‘ये’ म्हटलेलं नाही आणि आता म्हणून उपयोग नाही. तू स्वतःला विचारशील की ती खूण ऑगस्टमध्ये सापडली असती तर. बाबा वाचले नसते. बोलले मात्र असते, ते तीन महिने बोलले असते, आणि ‘त्यानं काय फरक पडला असता’ असं मी तुला म्हणणार नाही, कारण मलाच ते पटत नाही.

तुझीच,
आई