बसवाला गेम

चिमणे,

सकाळच्या फेरीला निघालोय. अंग मोडून आलंय, पण रजा मिळाली नाही. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

तू बनवलेला तो बसवाला गेम मी खेळलो. न विचारता तुझ्या लॅपटॉपला हात लावला, रागावू नकोस. तीस वर्षं खरी बस चालवतोय, तरी दोन दिवस तुझी बस नुसती फुटपाथवर चढत होती. काल एकदाचा शेवटच्या थांब्यावर पोचलो. सगळे उतरल्यावर तो ड्रायव्हर रिकाम्या बसमध्ये तसाच बसून राहतो, घरी जायचं त्याच्या जिवावर येतं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं?

"बाबा, हा कुणीच खेळत नाही," असं तू म्हणालीस, तेव्हा मी म्हणालो, "मग कशाला डोळे फोडतेस?" त्या दिवसापासून तू माझ्याशी धड बोलली नाहीस. चुकलंच माझं.

आज विमा कंपनीत मुलाखतीला जायचं तर जा, नसेल जायचं तर माझ्यासाठी म्हणून जाऊ नकोस.

डेपोतल्या दोघांना तुझा गेम हवाय. त्यांच्या फोनवर कसा टाकायचा, ते संध्याकाळी मला शिकव.

बाबा