आमेन म्हणायचं राहिलं

नोमुका बेट,
६ डिसेंबर १९७०

ती. आत्यास,
फेलेतीचा वाकून सलाम, वि. वि.

माझं सगळं बदललं ते बुधवारी, सकाळच्या उपासनेत, 'आणि हे दयाळू पित्या' या शब्दांपाशी. तोवर मी ठीक होतो. मी प्रार्थना कशी म्हणतो ते तुला माहीत आहे. पाळक व्हायला आलेली विद्यालयातली निम्मी पोरं माझी नक्कल करायची. त्या दिवशीही प्राचार्यांनी मलाच पुढे बोलावलं. मी सुरू झालो, चांगला रंग भरला, मागच्या बाकावरून कुणाचा तरी हुंदका आला, आणि माझ्या मनात आलं, वा फेलेती, इथे आवाज खाली आणलास ते झकास झालं. आत्या, मी जागच्या जागी थंड पडलो. कारण माझ्या लक्षात आलं की हे ऐकणारा मी एकटाच आहे. किती महिने मी फक्त स्वतःचंच ऐकतोय. आणखी कुणी ऐकत असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. वाक्य अर्धं टाकलं, मधल्या वाटेने बाहेर आलो, खोलीतलं बोचकं उचललं आणि थेट धक्का गाठला.

तू चटईवरून उठली असशील. खाली बस. मी मामाकडे सुखरूप आहे. भाच्याचा हक्क म्हणून आल्या आल्या त्याचा चांगला शर्ट घेतला, तेव्हापासून मामीचं तोंड वाकडं आहे. नोमुकाच का, असं विचारू नकोस. बोट इकडची होती.

बाबांना पत्र लिहायला घेतो आणि फाडून टाकतो. तूच सांग त्यांना. टोंगात कुणाच्याही बाबांचं आत्यापुढे चालत नाही, आमच्या बाबांचं तर मुळीच नाही. पण एक खरंच सांगतो, प्रार्थना गेली ती गेलीच. सकाळी गुडघे टेकतो आणि तोंडात वाळू भरल्यासारखं होतं. काल समुद्राकडे तोंड करून ओरडलो, की असशील तर काहीतरी बोल ना. एक कुत्रं भुंकलं. मला हसू आलं नाही.

कळावे. राग आला असेल तो येऊ दे, लोभ तेवढा जागेवर ठेव.

तुझा,
फेलेती


नुकुआलोफा,
१४ डिसेंबर १९७०

चि. फेलेतीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. मार भेटीअंती. वि. वि.

तुझे प्राचार्य येऊन गेले. चहा प्याले आणि म्हणाले की मुलगा आजारी दिसतो. मीही हो म्हटलं. तुझा बाप पहाटेपासून मळ्यात असतो, गरज नसताना अख्खं शेत खणून ठेवलं आहे. तुझी आई म्हणते रताळ्यांची तरी सोय झाली.

बोट तिकडची होती म्हणतोस. गाढवा, त्याच दिवशी त्याच धक्क्यावर वावाऊची बोटही उभी होती. मी चौकशी केली. जूनच्या परिषदेला नोमुकाचं गायनमंडळ आलं होतं तेव्हा तू त्यांच्या पेट्या वाहत होतास, आणि घरी तुझ्याकडून पाण्याची बादली उचलवत नाही. कोणती ती? उंच, की गालावर तीळ असलेली?

आता दुसरं. आपल्या घरात हे तुलाच पहिल्यांदा झालं असा तोरा नको. तुझे आतोबा गेले तेव्हा वर्षभर मी देवळात बसून भिंतीवरच्या पाली बघत होते. बाकीचे डोळे मिटून रडायचे आणि मी बघायची की ती मोठी पाल आज कुठपर्यंत गेली. पण मी बसले. तू उठून पळालास. तोंड उघडत नसेल तर उघडू नकोस, पण तिथे जाऊन बस. तुझ्या वाटचं बाकीचे म्हणतील.

मामाचा शर्ट धुऊन परत कर. इथे सगळे तुझ्यावर चिडलेले आहेत आणि सगळे तुझीच वाट बघत आहेत.

तुझी आत्या,
अनासेइनी


नोमुका,
२१ डिसेंबर १९७०

ती. आत्यास,
सलाम, वि. वि.

तीळ असलेली.

तिचं नाव लोसे. आता लपवून उपयोग नाही, आणि मला लपवायचंही नाही. सगळ्या बेटाला माहीत आहे, कोंबड्यांना माहीत आहे! शुक्रवारी कावा प्यायला बसलो होतो आणि कुटलेली मुळं पाण्यात कालवून कावा द्यायला तीच होती. तिचा चुलतभाऊ ऐन वेळी आला नाही, नाहीतर भावासमोर थट्टामस्करी बंद आणि सगळ्यांना पाद्र्यासारखं बसावं लागलं असतं. करवंटी माझ्यापर्यंत आली आणि मी तिच्याकडे बघत राहिलो, तर अर्धा कावा मांडीवर. म्हातारे म्हणाले की विद्यालयात प्यायला शिकवत नाहीत वाटतं, म्हणूनच पळून आला. लोसे खाली मान घालून हसली. तेवढ्यावर मी दोन दिवस जेवलो नाही.

पण पुढचं ऐक. तिचे वडील होपोआते म्हणजे इथल्या देवळाचे कारभारी. पहाटेच्या प्रार्थनेचा ढोल तेच वाजवतात. त्यांचा थोरला सितिवेनी मी शाळेत असताना बोटीबरोबर बुडाला. लोक सांगतात की दुसऱ्या दिवशी पहाटे ढोल नेहमीच्या वेळी वाजला आणि होपोआते पुढच्या बाकावर ताठ बसले होते. इथे पोरांना प्रार्थनेत डुलकी लागली की त्यांचं नाव घेऊन चिमटा काढतात. असा माणूस काल मामाकडे आला, चटईवर बसला, पावसापाण्याचं बोलला, आणि मग म्हणाला की देवाच्या घरातून उठून गेलेल्याला मी मुलगी देणार नाही. वर्षारंभीच्या प्रार्थना-आठवड्यात शुक्रवारची पहाट याच्या नावावर लावतो. याने पुढे उभं राहून प्रार्थना चालवावी, मी शेजारी उभा राहून ऐकेन. मन भरलं तर याच्या घरच्या मोठ्यांनी चटया घेऊन मागणी घालायला यावं.

माझं डोकं सणकलं. म्हटलं आजच म्हणून दाखवतो, आत्ता, इथे! मामाने मांडीला असा चिमटा घेतला की अजून निळं आहे.

आणि आत्या, गंमत बघ, मला ते जमेल. डोळे मिटून जमेल. कुठे थांबायचं, कुठे गळा भरून आणायचा, सगळं पाठ आहे. अख्खं देऊळ रडवीन आणि लोसे माझी होईल. आज ओहोटीला ती खडकांवर शिंपले गोळा करत होती. सोबतीला आलेली तिची मावशी जरा दूर बहिरी झाल्यासारखी बसली होती. मी लोसेला हे सगळं उड्या मारत सांगितलं. ती टोपलीत हात घालून बसली आणि एवढंच म्हणाली, "बाबांना पटेल. मला कळेल."

मग उचलली टोपली आणि गेली. आता काय करू? खोटं म्हणालो तर ती जाते, खरं म्हणालो तर तिचा बाप देत नाही. लवकर लिही. लोभ असू दे, सल्ला मात्र झेपेल असा दे.

तुझा,
फेलेती


नुकुआलोफा,
२९ डिसेंबर १९७०

चि. फेलेतीस,
आशीर्वाद, वि. वि.

नाताळ झाला. तुझ्या वाटचं डुक्कर तुझ्या बापाने खाल्लं आणि खाताना डोळे पुसले. मिरचीमुळे म्हणतो.

गायनमंडळातल्या बायकांकडे मुलीची चौकशी केली. कामाला वाघीण, आवाज चांगला, उलट उत्तर देते. मला पसंत आहे. तुझ्या आईला विचारायची गरज नाही.

आता नीट ऐक. शुक्रवारच्या पहाटेचं तू विसरलास वाटतं. पुढे उभा असलेला थांबला की सगळं देऊळ एकदम मोठ्याने आपापली प्रार्थना म्हणायला लागतं, तो गलका आठव. छप्पर उडेल असा. त्यात कोण काय बोलतं ते शेजारच्यालाही कळत नाही, आणि कळलं तरी कुणी ते देवळाबाहेर आणत नाही. मी माझ्या सासूबद्दल त्या गलक्यात काय काय बोलले आहे ते फक्त देवाला ठाऊक. म्हणून म्हणते, तू उभा राहा, दोन वाक्यं बोल आणि थांब. बाकीचं तो गलका सांभाळून घेईल.

पण ती दोन वाक्यं खरी असू देत. खोटं बोलायची हौस असेल तर माझ्याशी बोल, मला सवय आहे. तिथे नको.

प्रार्थना-आठवडा संपला की मंगळवारच्या बोटीने मी येते. चटया आणि झाडाच्या सालीच्या कापडाचा गठ्ठा बांधून ठेवला आहे. एकतर मुलगी मागेन, नाहीतर तुझा कान धरून तुला घेऊन जाईन. मागणीला काय आणि माफीला काय, गठ्ठा दोन्ही कामांना चालेल.

जीव टांगणीला लागला आहे. सांभाळ.

तुझी आत्या,
अनासेइनी


नोमुका,
शुक्रवार, ८ जानेवारी १९७१

ती. आत्यास,
सलाम, सलाम, वि. वि.

अक्षर लावून घे. उद्याची बोट चुकवायची नाही म्हणून भरभर लिहितो.

देऊळ गच्च भरलं होतं. खिडक्यांतसुद्धा माणसं. मी पुढे उभा, उजवीकडे होपोआते, पांढरा शर्ट, कडक. लोसे बायकांत तिसऱ्या बाकावर. पाठ केलेली प्रार्थना तोंडात तयार होती, मी खोटं का सांगू. 'हे दयाळू पित्या' म्हणायला तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर पडलं.

मी म्हणालो, "देवा, तू ऐकतोस की नाही मला माहीत नाही. मी इथे लोसेसाठी उभा आहे. माझ्याकडे शब्द होते, ते मलाच आवडायला लागले. आता माझ्याकडे काही नाही."

आणि थांबलो. आमेन म्हणायचं राहिलं.

मामाने डोकं गुडघ्यांत घातलं. पाळकसाहेब खोकले. मला वाटलं आता दगडच येणार. आणि मग मागून एक म्हातारी मोठ्याने सुरू झाली, तिच्यामागे तिचा बाक, आणि बघता बघता सगळं देऊळ उठलं. आत्या, तो गलका मी लहानपणी ऐकला होता, पण पुढे उभं राहून कधी नाही. लाट अंगावर यावी तसा आला. मी थांबवणार कसा, आमेनच म्हटलं नव्हतं. लोक थांबेचनात.

मग होपोआते हळूच सुरू झाले. माझ्या कानापाशी. काय बोलले ते तू विचारू नकोस, मी ते बाहेर आणणार नाही. एवढंच सांगतो की त्यात सितिवेनीचं नाव होतं, आणि माझाच आजार होता. माझा काही महिन्यांचा. त्यांचा बोट बुडाली त्या दिवसापासूनचा. आत्या, इतकी वर्षं हा माणूस रोज पहाटे ढोल वाजवतोय आणि रिकाम्या हाताने परत येतोय! आणि मी ऐकलं हे त्यांनी पाहिलं. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं त्यांनी.

शेवटी पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं. न्याहारीला ढिगाने अन्न होतं, होपोआतेंनी हात लावला नाही. माझ्याकडे न बघता घरी गेले. मामा म्हणतो मुलगी विसर. लोसे नीरफणसाची टोपली घेऊन जवळून गेली आणि जाता जाता म्हणाली की आमेन कुठे असतं ते विद्यालयात शेवटच्या वर्षी शिकवतात काय. आत्या, ती हसत होती! तिचे डोळे लाल होते आणि ती हसत होती!

आकाशातून आवाज वगैरे काही आला नाही. पण मला भूक लागली. दोन माशांवर आणि अख्ख्या रताळ्यावर ताव मारला. कळावे, लोभ वाढवावा, त्याची आता गरज पडेल.

तुझा,
फेलेती


नोमुका,
रविवार, १० जानेवारी १९७१

ती. आत्यास,
सलाम, वि. वि.

हे पत्र बोटीने पाठवत नाही, मामाच्या टेबलावर ठेवतो. तू मंगळवारी आल्याबरोबर मामा आपल्या पद्धतीने सगळं सांगायला लागेल. आधी हे वाच.

काल मी आजच्या जेवणासाठी मागच्या अंगणात नारळ किसत बसलो होतो. होपोआते आले आणि समोर जमिनीवरच बसले. चटईसुद्धा मागितली नाही. मला वाटलं लोसेबद्दल बोलतील. त्यांच्याकडे बघता बघता किसणीवर बोट गेलं. ते नारळाकडे बघत म्हणाले की तू ऐकलंस. मी हो म्हटलं. म्हणाले की रविवारी उपासनेत मी उभा राहून सगळ्यांना सांगणार आहे आणि देवळाची किल्ली परत देणार आहे. पोरांना माझ्या नावाने चिमटे काढतात, ते आता मला सहन होत नाही. मी म्हटलं तसं करू नका, कुणाला कळलेलं नाही, माझं तोंड बंद आहे. आत्या, मी हे जीव तोडून म्हटलं. त्यांची अब्रू गेली तर त्या घरात माझं नाव तरी कोण काढू देईल? लोक म्हणणारच की या पळून आलेल्या पोराने म्हाताऱ्याचं डोकं फिरवलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला एकट्याने उभं राहायला जमणार नाही. तू शेजारी उभा राहा. आणि आत्ता माझ्यासाठी प्रार्थना म्हण, मला येत नाही."

मी म्हटलं मलाही येत नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं, आणि काय झालं कोण जाणे, दोघांनाही हसू फुटलं. ते इतके हसले की मामी धावत बाहेर आली. इतक्या वर्षांत या माणसाला हसताना कुणी पाहिलं नव्हतं म्हणे. हसता हसता ते रडायला लागले. आणि मी, खोबऱ्याने माखलेले हात तसेच त्यांच्या खांद्यावर ठेवून, काहीतरी म्हणायला लागलो. काय म्हणालो ते आठवत नाही. चांगलं नक्कीच नव्हतं, मध्ये दोनदा अडकलो, सितिवेनीच्या जागी लोसेचं नाव आलं. पण ते कसं झालं हे बघायला मी तिथे नव्हतोच. मी म्हाताऱ्याबरोबर होतो. हे नंतर लक्षात आलं.

लोसेबद्दल ते काही बोलले नाहीत. विचारायला शब्द ओठांपर्यंत आले होते. तुझ्या भाच्याने जन्मात पहिल्यांदा तोंड आवरलं, नोंद घे.

मामा सकाळपासून समजावतोय की मागच्या बाकावर बस, म्हाताऱ्याचं म्हातारा बघेल, तुझी आत्या चटया घेऊन येतेय, निदान तोवर शहाण्यासारखा वाग. त्याचं चुकत नाही. आज मी पुढे उभा राहिलो तर तुझा गठ्ठा कदाचित तसाच परत जाईल. लोसेला मी हे सांगितलेलं नाही. ती बायकांत बसलेली असेल आणि तिला तिच्या बापाच्या शेजारी मी दिसेन, एवढंच. मला भीती वाटतेय आणि आनंदही इतका होतोय की एका जागी बसवत नाही. देव ऐकतो की नाही, हे अजून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मी आज उठल्यापासून त्याच्याशी बोलतोय. भांडतोयच म्हण.

ढोल सुरू झाला. आज दुसरंच कुणीतरी वाजवतंय, ताल चुकतोय. होपोआते वाटेवर उभे आहेत, खिडकीतून दिसतात, मळ्याकडे तोंड करून. देवळात जाताना कमरेला गुंडाळायची मामाची चटई मला ढगळ होते, दोरीने आवळली आहे. टेबलावर बशी आहे, तिच्याखाली हे पत्र ठेवतो. कळावे. लोभ आहे हे जाणून आहे.

डुकरं आत शिरतात, म्हणून निघताना दार नीट ओढून घेतो.

तुझा,
फेलेती